नव्या साधनाचे प्रामाण्य

झालेले ज्ञान खरे आहे हे कशावरून ठरवायचे, हा भारतीय दर्शनांतला जुना वाद आहे. नवे स्कूबा साधन पारखायला सरोवरात उतरणाऱ्या पाणबुड्यापुरता तो केवळ पोथीतला राहत नाही. टाकीत हवा सुमारे २०० बार दाबाखाली असते. रेग्युलेटर तो दाब दोन टप्प्यांत उतरवून भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतकी हवा तोंडाशी देतो. ‘हा रेग्युलेटर हवा देईल’ हे ज्ञान प्रमाण आहे, असे धरूनच प्रत्येक श्वास घेतला जातो.

मीमांसक स्वतःप्रामाण्यवादी आहेत. कुमारिल भट्टांच्या मते ज्ञान उपजतच प्रमाण असते. त्याच्या कारणात दोष सापडला किंवा बाधक ज्ञान झाले, तरच ते अप्रमाण ठरते. नैयायिकांना हे मान्य नाही. दिसले ते पाणी की मृगजळ, हे जवळ जाऊन तहान भागल्यावर ठरते. सफल कृतीच्या या कसोटीला ते प्रवृत्तिसामर्थ्य म्हणतात. मात्र दर वेळी ती लावावी लागत नाही. सवयीच्या विषयात, म्हणजे अभ्यासदशेत, हे ज्ञान पूर्वी पारखलेल्या ज्ञानाच्याच जातीचे आहे एवढे पुरते. अनभ्यासदशेत संशय उरतो, म्हणून कसोटी लागते.

नवे साधन ही अनभ्यासदशाच. काठावर दाबमापकाकडे पाहत काही श्वास घेतले जातात. प्रत्येक श्वासागणिक काटा खाली झुकून परत वर येत असेल, तर टाकीची झडप पुरती उघडलेली नसते. पण काठावरची परीक्षा पुरत नाही. १९४३ मध्ये जाक कुस्तो यांनी एमिल गान्यां यांच्यासह बनवलेले साधन मार्न नदीत पारखले. आडवे पोहताना ते नीट चाले. उभे राहिले की हवा वाया जाई आणि डोके खाली केले की श्वास ओढणे जड जाई. हवा आत येण्याची आणि बाहेर पडण्याची जागा एका पातळीवर नव्हती, हा दोष पाण्यात उतरल्यावरच कळला.

तरीही सरोवरातले यश समुद्राला जसेच्या तसे लागू होत नाही. गोड्या पाण्याची घनता घनमीटरला सुमारे १००० किलो, समुद्राच्या पाण्याची सुमारे १०२५. साधनासह १०० लिटर पाणी बाजूला सारणाऱ्या पाणबुड्याला समुद्रात अडीच किलो वजन जास्त लागते. उलट बाजूने, पसरताना हवा थंड होते आणि गोडे पाणी ० अंशालाच गोठते. त्यामुळे उबदार समुद्रात बिनतक्रार चाललेला रेग्युलेटर थंडगार सरोवरात बर्फ धरून बिघडू शकतो. पाण्याची जात बदलली की अनभ्यासदशा परत येते.

मीमांसकांचा आक्षेप मात्र उरतो: रेग्युलेटर दाबमापकाने पारखला, मग दाबमापक कशाने पारखायचा? अशाने अनवस्था, म्हणजे न संपणारी साखळी, ओढवते. नैयायिक उदयनाचार्यांनी अनुमानाच्या संदर्भात शंकेची मर्यादा दाखवली आहे: शंका स्वतःच्याच कृतीशी विसंगत झाली की तिथे थांबते. रेग्युलेटर तोंडात धरून पाण्याखाली निःशंक श्वास घेणाऱ्याला त्याच श्वासाविषयी संशय असल्याचे म्हणता येत नाही. म्हणून चाचणीने सगळे संशय मिटावेत अशी अपेक्षा नसते. ज्यांच्यामुळे कृती बदलावी लागेल, तेवढेच मिटले की तिचे काम झाले.