यादीतील तलाव आणि वैशेषिकांचा ‘विशेष’

गोंदिया जिल्ह्यातील तलावांची यादी पायथन या संगणकीय भाषेत मांडताना ‘तलाव’ नावाचा एक वर्ग, म्हणजे त्या जातीच्या सर्व वस्तूंचा समाईक साचा, लिहिला जातो आणि नवेगाव बांध, बोदलकसा, चोरखमारा या त्या वर्गाच्या वस्तू म्हणून यादीत घातल्या जातात; परंतु यादी छापताच नावे उमटत नाहीत, तर प्रत्येक वस्तूसाठी वर्गाचे नाव आणि संगणकाच्या स्मृतीतील तिचा पत्ता, म्हणजे अंक व अक्षरे मिसळलेली एक लांबलचक संख्या, एवढेच दिसते. हे उत्तर खोटे नाही, किंबहुना काटेकोर आहे, तरीही त्यावरून कोणता तलाव कोणता हे सांगता येत नाही. वस्तूची ओळख तिच्या गुणांत असते की गुणांपलीकडच्या निव्वळ वेगळेपणात, असा प्रश्न येथे उभा राहतो.

वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनाने ‘विशेष’ हा स्वतंत्र पदार्थ मानला तो याच अडचणीपोटी: पृथ्वीचे दोन परमाणू जाती, गुण व क्रिया यांनी सारखेच असतील, तर त्यांना वेगळे ठेवणारे काहीतरी हवे, आणि ते म्हणजे प्रत्येक नित्य द्रव्यात राहणारा विशेष. या दर्शनाचे भाष्यकार प्रशस्तपाद यांच्या मते तो योगीजनांनाच प्रत्यक्ष दिसतो. एरवी गाय घोड्याहून निराळी कळते ती आकृती, पांढरा रंग, चपळ चाल, पुष्ट वशिंड आणि मोठी घंटा यांवरून. स्मृतीतील पत्ता हा असाच एक विशेष, फक्त तो नित्य नाही, कारण एक वस्तू नष्ट झाल्यावर तोच पत्ता दुसरीला मिळू शकतो. या तुलनेतील मूळ विसंगती मात्र याहून खोल आहे. तलाव हा परमाणू नव्हे. पाळ, पाणी, गाळ, नहर अशा अवयवांचा तो अवयवी आहे, आणि अवयवींना वेगळे करण्यासाठी वैशेषिकांना विशेषाची गरजच भासली नाही. भाषा त्याला निरवयव समजून चालते, कारण त्याच्या गुणांपैकी कोणता सांगण्याजोगा हे तिला कोणी कळवलेले नसते.

ते कळवण्याच्या दोन पद्धती आहेत: ‘स्ट्र’ ही सामान्य वाचकासाठी आणि ‘रेप्र’ ही आज्ञावली तपासणाऱ्यासाठी. नवशिके बहुधा पहिलीच लिहितात आणि यादी तशीच दुर्बोध राहिलेली पाहून चक्रावतात, कारण यादी आपल्या घटकांविषयी ‘रेप्र’लाच विचारते. ‘बोदलकसा, तिरोडा’ असा मजकूर अवतरणचिन्हांवाचून यादीत छापला, तर तो एक घटक की दोन हे स्वल्पविरामामुळे कळणार नाही. म्हणून ही रीत बदलण्याचा २००८ मधील प्रस्ताव फेटाळला गेला हे बरेच झाले. ‘रेप्र’ लिहिल्यावर ओळ अशी येते: तलाव(नाव='नवेगाव बांध', तालुका='अर्जुनी मोरगाव').

या ओळीत कोणते गुण घ्यायचे हे मात्र पाहणाऱ्यावर अवलंबून असते: धान पिकवणाऱ्याला ओलिताखालचे क्षेत्र हवे असते, महसुली नोंदीला तो १९५१ मध्ये मालगुजारी ही जमीन-महसुलाची पद्धत संपल्यावर शासनाकडे आलेला ‘मामा’, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव आहे का हे, तर पक्षिनिरीक्षकाला तेथील सारसांचा वावर. दोन गावांतील बोड्यांचे, म्हणजे लहान तळ्यांचे, निवडलेले सारे गुण जुळले तर छापील यादीत त्या एकच भासतात, आणि मग गावाचे नाव किंवा गट क्रमांक जोडावा लागतो.