डोळ्यांस न दिसणारें कारण

वाचकहो, एकामागून एक दोन गोष्टी घडल्या म्हणजे पहिली ही दुसरीचें कारण होय, असें आपण सहज ठरवितों. परंतु कारण डोळ्यांस दिसतें काय? विस्तव दिसतो, धूरहि दिसतो. एकामुळें दुसरा झाला, हा संबंध मात्र मन जोडितें. स्कॉटलंडांतील तत्त्ववेत्ता डेव्हिड ह्यूम यानें १७३९ सालीं हीच शंका मांडिली. आपल्या देशांत चार्वाकांनीं प्रत्यक्ष हेंच एक प्रमाण मानिलें. नैयायिकांनीं अनुमानासहि प्रमाण ठरविलें. बरें, प्रत्यक्ष तरी नेहमीं खरें असतें काय? आपल्या जिल्ह्यांतील नेवासें येथें शके १२१२ मध्यें झालेल्या ज्ञानेश्वरींत दोरी सापासारखी भासण्याचा दृष्टांत आहे.

ही चर्चा केवळ पंडितांची नव्हे. नारूचा रोग पाहा. पायास फोड येई व तींतून दीड-दोन हात लांब किडा निघे. तो डोळ्यांस दिसे. पण त्याचें कारण सुमारें वर्षापूर्वीं प्यालेल्या पाण्यांत असे. रोगी पायऱ्यांच्या विहिरींत उतरला म्हणजे किड्याचीं पिलें पाण्यांत सुटत, आणि अगदीं बारीक पाणकिडे तीं गिळीत. हे पाणकिडे पाण्याबरोबर दुसऱ्याच्या पोटांत जात. रशियन शास्त्रज्ञ फेदचेंको यानें १८७० मध्यें पाणकिड्याचा हा संबंध शोधून काढिला.

येथें कोणी म्हणेल, “न दिसणारें कारण मानावयाचें, तर करणीहि न दिसणारीच, ती कां मानूं नये?” प्रश्न योग्य आहे. उत्तर असें कीं, अनुमान कसोटीस उतरलें पाहिजे. पाणी फडक्यानें गाळून प्यालें, विहिरींत उतरणें बंद केलें, तर नारू थांबला पाहिजे; आणि तो थांबला. भारतांतील शेवटचा रोगी १९९६ मध्यें राजस्थानांत आढळला, व २००० सालीं देश नारूमुक्त ठरला. करणीची अशी परीक्षा कोणी देत नाहीं. शेजारीण दारावरून गेली आणि मूल आजारी पडलें, एवढाच तिचा पुरावा! त्याच दिवशीं ती दहा दारांवरून गेली व तेथील मुलें धडधाकट आहेत, हें कोणी विचारीत नाहीं.

अशा आळामुळें निरपराध माणसाचें गांवांत राहणें कठीण होतें. महाराष्ट्रांत २०१३ च्या कायद्यानें तो गुन्हा ठरला आहे. परंतु शिपाई येण्यापूर्वीं आपल्याच मनानें विचारावें: हें कारण असूनहि कार्य झालें नाहीं, असें कोठें दिसतें काय? कारण नसतांहि कार्य झालें काय? कारण दूर केल्यावर कार्य थांबतें काय? ह्या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें मिळेपर्यंत कोणाचेंहि नांव ओठांवर आणूं नये, हाच न्याय होय.