गुरुवारचं चिंतन : देह ही गुरूंची ठेव

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मागच्या वैशाखात आपल्या इंदूरच्या केंद्रातल्या एका काकूंनी भर दुपारी अनवाणी अकरा प्रदक्षिणा घातल्या. आम्ही सगळ्यांनी कौतुक केलं. रात्री सुनेने पाहिलं तर तळपायांना मोठे फोड, आणि काकूंना पत्ताच नाही! बारा वर्षांच्या मधुमेहाने पाय बधिर झालेले. जखम भरायला तीन महिने लागले. त्यांना थांबवणारं आमच्यात कोणीच नव्हतं, हे आजही टोचतं.

देह ही गुरूंनी सांभाळायला दिलेली ठेव आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायातही भगवंतांनी आहार-विहार मोजका असेल त्यालाच योग साधतो असं सांगितलंय. अति खाणं नको, तसंच देहाचे हालही नकोत.

मग करायचं काय? चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात. त्याचा गुण साधारण दिवसभर टिकतो, म्हणून यात नेमाला महत्त्व. आठवड्यातले पाच दिवस ३० मिनिटं भरभर चालावं, सलग दोन दिवसांहून जास्त खाडा नको. जेवणानंतर १०-१५ मिनिटं शतपावली, तेवढ्यात नामाची माळही होते. आठवड्यातून दोन-तीनदा खुर्चीवरून हात न टेकता उठबस करावी, म्हणजे मांड्यांना बळ येतं. सूर्यनमस्कार हळूहळू, झेपतील तेवढेच. डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झालेल्यांनी शीर्षासन, सर्वांगासन करू नये.

गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी व्यायामाला निघू नका, खिशात साखर ठेवा. थरथर, घाम, डोळ्यांपुढे अंधारी आली की लगेच थांबून ती तोंडात टाका. आणि 'गुरुकृपा आहे' म्हणून गोळी बंद करू नका. डॉक्टरांच्या हातूनही कृपाच येते ना!

काकू आता पायमोजे घालून सकाळी उन्हाआधी प्रदक्षिणा घालतात. घरी गेल्यावर आरशात तळवे बघतात. तीही त्यांची उपासनाच.

या गुरुवारी महाप्रसादानंतर लगेच गप्पांना न बसता आपण सगळे दहा मिनिटं अंगणात नाम घेत चालू. शिरा कणभर घेऊ, तेवढ्याने प्रसादाचं पुण्य कमी होत नाही. चालताना चपला मात्र पायात हव्यात.

॥ श्री गुरुचरणार्पणमस्तु ॥