उत्तर कोण देणार?

विमान उशिरा सुटले म्हणजे लगेच अन्याय झाला, असे कुणी समंजस प्रवासी म्हणत नाही. धुके पडते, यंत्र बिघडते, मुंबईचा पाऊस कुणालाच विचारून येत नाही. माणूस सब्र करतो. खरा प्रश्न नंतर उभा राहतो. प्रवासी काउंटरवर जाऊन विचारतो, ‘आता माझे काय?’ आणि उत्तर मिळते, ‘सिस्टीम घेत नाही.’

या वाक्यात माणूस कुठेच नाही. नाकारले कुणी, ठरवले कुणी, काही कळत नाही. पैसे घेणारा एक, समोर उभा राहणारा दुसरा आणि निर्णय घेणारा तिसराच. मग जबाबदार कोण?

कॅनडात हा प्रश्न न्यायाधिकरणापुढे गेला. २०२२ मध्ये आजी वारली म्हणून एका प्रवाशाने एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरील चॅटबॉटला विचारणा केली. दुःखद प्रसंगाची सवलत प्रवासानंतरही मागता येईल, असे चॅटबॉटने सांगितले. नियम तसा नव्हता. कंपनीने सवलत नाकारली. तिच्या बचावाचा आशय असा होता, की चॅटबॉट ही वेगळी गोष्ट आहे आणि आपल्या बोलण्याला तीच जबाबदार आहे! फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणाने हा बचाव फेटाळला आणि सुमारे ६५० कॅनेडियन डॉलरची भरपाई देववली. रक्कम किरकोळ, पण यंत्राच्या आड लपता येणार नाही, हे त्यातून ठरले.

आपल्याकडेही भरपाईचे नियम आहेत. तिकीट पक्के असूनही जागा नाकारली, तर २०१६ च्या सुधारित नियमांनी त्यासाठी २० हजार रुपयांपर्यंतची मर्यादा घातली. पण प्रवाशाचे सगळेच नुकसान रुपयांत मोजता येते का?

रत्नागिरीचा किंवा रायगडचा एखादा माणूस कुवेतला नोकरी करतो. बापाचा इंतकाल झाल्याची खबर येते. आपल्यात मय्यत फार काळ ठेवत नाहीत. घरचे काही तास थांबतील. अशा वेळी विमान रद्द झाले, तर त्याला काय हवे असते? जेवणाचे कूपन नव्हे. आज जाता येईल की नाही, एवढा एकच खरा शब्द हवा असतो. तो मिळाला तर दुसरा मार्ग शोधता येतो, किंवा छातीवर दगड ठेवून घरी सांगता येते, ‘थांबू नका, माती द्या.’ ‘अर्ध्या तासात कळवतो’ असे चार वेळा सांगणारा त्याची ही शेवटची निवडही हिरावून घेतो. याची भरपाई कोणत्या नियमात बसणार?

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम येणार हे आधीपासून ठाऊक होते. नियोजन कमी पडले. चूक वरच्या मजल्यावरची, शिव्या मात्र काउंटरवरच्या पोरापोरींनी खाल्ल्या. हाही अन्यायच. कंपनीने त्यांना ढालीसारखे पुढे उभे केले आणि आपण त्या ढालीवरच घाव घालत राहिलो.

म्हणून काउंटरवरचा माणूस पूर्ण मोकळा होतो काय? त्याच्या हाती विमान नसते, जीभ असते. ‘मला अधिकार नाही, ज्यांना आहे ते अमुक’ एवढे खरे बोलणे त्याला शक्य असते. ते बोलण्याची मुभा देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. आगाऊ घेतलेले भाडे ही अमानत आहे. तिच्याबरोबर उत्तर देण्याचे बंधनही येते.

आणि आपण? आवाज चढवून घरी येतो आणि विसरतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते. काउंटरवरच्या मुलीशी अदबीने बोलावे आणि कंपनीला मात्र कागदावर गाठावे. राग तिथेच पोहोचला पाहिजे, जिथे निर्णय होतो.