पेत्राच्या बायकोला कुणी विचारलं?

पेत्र जाळी टाकून येशूच्या मागे निघतो, ते मार्काच्या शुभवर्तमानात दोन ओळींत उरकतं. त्याच अध्यायात थोडं पुढे त्याची सासू तापाने अंथरुणाला खिळलेली भेटते. सासू आहे म्हणजे बायको आलीच. रोजचं मासळीचं उत्पन्न बंद होणार हे तिला कुणी सांगितलं का, याबद्दल शुभवर्तमानकार गप्प आहेत. पुढे पौलाच्या एका पत्रात ती नवऱ्याबरोबर प्रवास करताना ओझरती दिसते, तीही नावाशिवाय.

ख्रिस्ती मंडळी ज्याला पाचारण म्हणतात ते एकट्याच्या कानात येतं. किंमत मात्र घरभर वाटली जाते.

1843 साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला आणि पुढे पाळक होऊन जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवलं. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत तेव्हा पोरसवदा होता. तोही मिशनऱ्यांकडे राहिला, म्हणून बाप कोर्टात गेला. कोर्टाने मुलगा बापाला परत दिला, पण त्याला जातीत घ्यावं की नाही यावर मुंबईच्या ब्राह्मणांत दोन तट पडले. घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि सनातन्यांचा रोष ओढवून बसले. थोरल्याने निवड केली होती. धाकटा मात्र भांडणाचा विषय होऊन बसला.

मराठी कवी नारायण वामन टिळकांची गोष्ट जास्त जवळून पाहता येते, कारण ती त्यांच्या बायकोने, लक्ष्मीबाईंनी, लिहून ठेवली. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनाशी ते अडकले ते कायमचेच. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाई लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन माहेरच्या माणसांत होत्या. ज्यांच्या वडिलांकडे बाजारातली वस्तू धुतल्याशिवाय घरात येत नसे, त्या मुलीच्या कपाळी हे आलं. नवरा जिवंत, पण गाव त्याच्या नावाने सुतक धरल्यासारखं वागतंय.

1866 च्या एका कायद्याने, धर्मांतरामुळे जोडीदाराने सोडलेल्या ख्रिस्ती माणसाला लग्न मोडून घेता येत असे. टिळकांनी तो रस्ता धरला नाही. काही वर्षं वाट पाहिली. हा त्यांच्या बाजूचा त्याग म्हणायला हवा, आणि प्रवचनांत तो फारसा कधी सांगितला जात नाही.

लक्ष्मीबाई अखेर नगरला टिळकांकडे आल्या त्याही सोवळं सांभाळतच. चूल वेगळी, पाणी स्वतः भरलेलं. एका छपराखाली ख्रिस्ती उपदेशक आणि त्याची कर्मठ बायको! जातपात ही माणसांचीच करणी, हे त्यांना स्वतःला पटलं तेव्हा कुठे सोवळं सुटलं. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या पाचारणामागे फरफटत जायला त्यांनी नकार दिला होता, हे इथे महत्त्वाचं. त्या आल्या त्या स्वतःच्या पायांनी.

रोमन कॅथलिक पंथाने पाचारण आणि संसार यांतला हा पेच वेगळ्या तऱ्हेने सोडवला: धर्मगुरूने लग्नच करायचं नाही. पण ब्रह्मचारी झाला तरी त्याला आई असतेच.

टिळकांचं पाचारण एकदाच येऊन थांबलं नाही. 1917 साली त्यांनी मिशनच्या पगारावर पाणी सोडलं, ख्रिस्ती संन्यासी झाले आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही तिथे जागा होती. संसारी माणसाचा संन्यास म्हणजे घरच्यांनी पुन्हा शून्यापासून मांडायचं. दोनच वर्षांत, 9 मे 1919 रोजी, मुंबईत ते गेले.

मागे ‘ख्रिस्तायन’ हे येशूच्या जीवनावरचं महाकाव्य अर्धवट राहिलं. टिळकांच्या हातून जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते. शाळेची पायरी न चढलेल्या लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतलं आणि पुढचे साठांहून अधिक अध्याय लिहिले.