परतीची विद्या

अभिमन्यूला चक्रव्यूहात शिरण्याची विद्या अवगत होती, बाहेर पडण्याची नव्हती. आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, आपण त्याला वीराग्रणी मानतो. शौर्याचा आपला सारा हिशेब असा जाण्याच्या बाजूने मांडलेला असतो. संगणकावर युद्धविमानांचे खेळ खेळणाऱ्यांतही हाच समज रूढ दिसतो. १९९२ मधील ‘एसेस ऑफ द पॅसिफिक’ घ्या की २००४ मधील ‘पॅसिफिक फायटर्स’ घ्या. विमानवाहू नौकेवरून उडावे, शत्रूच्या जहाजावर बाँब टाकावा आणि तेथेच खेळ आटोपता घ्यावा, असे करणारे पुष्कळ. पुढे उरतो तो नुसता समुद्र; त्यात पाहण्यासारखे ते काय?

वस्तुतः खरी विद्या तेथेच सुरू होते. जमिनीवरचा तळ जागचा हलत नाही. नौका मात्र आपण उडाल्यापासून चालतच असते; ताशी वीस सागरी मैलांच्या वेगाने ती दोन तासांत चाळीस मैल दूर गेलेली असते. वैमानिकाला ती जेथे होती तेथे नव्हे, जेथे असेल तेथे पोहोचायचे असते. दिशा, वेग आणि काळ यांचे गणित मांडायचे, लाटांच्या रूपावरून वारा ओळखायचा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौकांवर यासाठी एक फिरता बिनतारी संकेत असे. वर्तुळाचे तीस-तीस अंशांचे बारा भाग, आणि प्रत्येक भागात मोर्स लिपीतील निराळे अक्षर. कानी पडलेल्या अक्षरावरून आपण नौकेच्या कोणत्या अंगाला आहोत हे कळे.

खेळात हे सारे टाळता येते. नकाशावर आपले विमान दाखवणारी खूण चालू ठेवली की झाले! ती बंद ठेवून घड्याळ आणि होकायंत्र यांवर भिस्त ठेवणारा मनुष्य चुकला तर मरणार नाही, आणि साधला तर त्याची पाठ कोणी थोपटणार नाही. याला कोणी पोरखेळ म्हणोत. साक्षीदारावाचूनचा प्रामाणिकपणा व्यवहारात इतका विरळा आहे, की तो खेळात आढळला तरी मी त्याला कमी लेखणार नाही.

परंतु परतीचा अर्धा प्रश्न या खेळात येतच नाही. उडणाऱ्याने परतावे हे खरे. पाठवणाऱ्यावर काय बंधन? २० जून १९४४ रोजी, दिवस कलत असता, फिलिपाइन समुद्रावरून अमेरिकी आरमाराने दोनशेहून अधिक विमाने जपानी ताफ्यावर पाठवली. शत्रू सांगितल्यापेक्षा सुमारे साठ मैल लांब आहे हे मागाहून कळले. सेनानी मार्क मिशर यांनी दुसरी तुकडी थांबवली, पहिली परत बोलावली नाही. ती परतली तेव्हा काळोख पडला होता आणि इंधन सरत आले होते. भर युद्धात समुद्रावर दिवा दाखवणे म्हणजे पाणबुड्यांना आमंत्रणच. तरी मिशर यांनी दिवे लावण्याचा हुकूम दिला.

काही शे वैमानिकांसाठी हजारो खलाशांचे प्राण पणाला लावणे न्याय्य होते काय? निव्वळ संख्येने पाहिले तर नाही. पण अंतर कळल्यावरही ज्याने विमाने पुढे जाऊ दिली, त्याला संख्येचा आश्रय घेण्याचा अधिकार उरला नव्हता, असे माझे मत आहे. त्या रात्री कित्येकांना आपली नौका सापडली नाही. जी दिसली तिच्यावर ते उतरले. ऐंशीच्या आसपास विमाने पाण्यात पडली अथवा उतरताना मोडली. पुढे जहाजे समुद्र धुंडाळीत फिरली आणि पाण्यात पडलेल्यांपैकी बहुतेकांना त्यांनी जिवंत वर काढले.