रेघांनी सांगायचा मराठवाडा

परभणी, जिंतूर, गंगाखेड, पाथरी या भागात जुनी माणसं काळ सांगतात तो इसवी सनात नाही. रझाकाराच्या वक्ताला, पोलीस ॲक्शनच्या साली, बहात्तरच्या दुष्काळात, असं ती बोलतात. लग्न, बाळंतपण, खोदलेली विहीर, गहाण पडलेलं वावर, सगळं या खुणांना बांधलेलं असतं. इतिहासाच्या पुस्तकात हीच वर्षं वेगळी दिसतात. १३ सप्टेंबर १९४८ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, १७ला निजामानं शरणागती पत्करली. १ नोव्हेंबर १९५६ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६०ला महाराष्ट्रात. तारखा बिनचूक आहेत, पण त्यांत घर नाही. हाली शिक्का जाऊन कलदार रुपया आला तेव्हा बाजारातला हिशोब कसा जमवला, उर्दूत दप्तर लिहिणाऱ्या कारकुनाचं पुढं काय झालं, दुष्काळी कामावर खडी फोडून आलेल्या बाईनं मिलो नावाच्या लाल ज्वारीची भाकरी कशी थापली, हे त्या तारखांच्या मागं राहून गेलं. राज्य घरात शिरतं ते नाण्याच्या, धान्याच्या, कागदाच्या रूपानं. माझं म्हणणं असं, की ही आयुष्यं नुसतं लिहून जितकी हाती लागतात त्याहून अधिक ती चित्रांतून सांगितलेल्या आत्मकथनात हाती लागतील, आणि ते काम परभणीसारख्या जिल्ह्यानं आता अंगावर घ्यायला हवं.

असं काम चीनमध्ये झालं आहे. ली कुन्वू हा युन्नान प्रांतातल्या कुनमिंगचा चित्रकार, जन्म १९५५चा. बाप कम्युनिस्ट पक्षाचा अधिकारी, आणि स्वतः लीनं कित्येक वर्षं प्रचाराची चित्रं काढली. फिलिप ओतिए या फ्रेंच लेखकाला सोबत घेऊन त्यानं आपलं आयुष्य काळ्या शाईत रेखाटलं. २००९ ते २०११ या काळात ते तीन खंडांत फ्रेंचमध्ये निघालं, इंग्रजीत ‘अ चायनीज लाइफ’ या नावानं आलं. घराघरातली भांडी पोलादाच्या भट्टीत घालणारी माणसं, त्यामागून आलेली उपासमार, सांस्कृतिक क्रांतीत घरापासून तोडलेला बाप, आणि शेवटी पैशाचा जमाना. नायक माओ नाही. माओवर मनापासून विश्वास ठेवणारा एक साधा माणूस आहे. पुढाऱ्याच्या चरित्रात असा माणूस गर्दी म्हणून येतो. इथं त्याला चेहरा आहे, आणि तो चेहरा पानागणिक म्हातारा होत जातो.

आपल्याकडं याची गरज काय, असं कुणी विचारील. ‘बलुतं’ १९७८ला आलं, ‘उपरा’ १९८०ला. साध्या माणसाचं आयुष्य मराठीत कधीच लिहिलं गेलं आहे. त्याही मागं जायचं तर गंगाखेडची जनाबाई आहेच. दळण, कांडण, झाडलोट यांना तिनं अभंगात जागा दिली. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यांत परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या बायकांच्याही ओव्या आहेत. ही संपत्ती थोर आहे आणि चित्र तिची जागा घेणार नाही. पण शब्दाला एक सोय असते, जी चित्राला नाही. लिहिणारा ‘ते पाणी प्याले’ एवढं म्हणून पुढं सरकू शकतो. काढणाऱ्याला भांडं कुणाच्या हातात होतं, पाणी किती वरून ओतलं, पिणारा उंबऱ्याच्या आत होता की बाहेर उकिडवा बसला होता, हे ठरवल्यावाचून रेघच ओढता येत नाही. शब्दात झाकलं जाणारं गाव चित्रात उघडं पडतं. २०११च्या ‘भीमायन’मध्ये दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी बाबासाहेबांच्या आयुष्यातले प्रसंग काढले. त्यातला १९३४चा दौलताबादचा प्रसंग आपल्याच मराठवाड्यातला, निजामी राजवटीतला. किल्ल्याजवळच्या हौदाचं पाणी वापरलं म्हणून बाबासाहेबांवर आणि त्यांच्या सोबत्यांवर लोक धावून आले. व्यामांनी चौकटी मोडल्या, आणि जातीचं विष बोलणाऱ्यांच्या शब्दांभोवती विंचवाच्या नांगीचा आकार दिला. कडवट शब्द कसा डसतो हे सांगायला मग वेगळं वाक्य लागलं नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. म्हातारपणीची आठवण सोयीची असते, आणि चित्र तिला खरेपणाचा मुलामा देतं. हे मान्यच करायला हवं. मात्र चित्र आठवणीला वस्तूंशी बांधतं, आणि वस्तू तपासता येतात. मनमाडकडून परभणीला येणारी निजामाची गाडी मीटरगेज होती. तिचा डबा रुंद काढला तर चूक तिथंच पकडता येते. मौनाचं काय, हा प्रश्न तरी उरतोच. लीनं १९८९च्या तिआनआनमेन प्रकरणापाशी हात आखडता घेतला. आपण तिथं नव्हतो, देशाला सुव्यवस्था हवी होती, असं तो म्हणतो. त्यावर टीका झाली आणि ती रास्त होती. ज्यानं आपली अंधश्रद्धा एवढ्या निर्भयपणे काढली त्यानं इथं थबकणं मला खटकतं. पण त्यानं ही अडचण लपवली नाही. सहलेखकाशी झालेला तिढाच पानावर आणला.

मराठवाड्याचं तिआनआनमेन कुठलं, हे आपण स्वतःला विचारलं पाहिजे. रझाकारांचे अत्याचार आपण सांगतो, आणि ते सांगितलेच पाहिजेत. पोलीस ॲक्शननंतर संस्थानातल्या मुसलमान वस्त्यांवर जे गुदरलं ते मात्र हळू आवाजात बोललं जातं. सरकारनं धाडलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं २७ ते ४० हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज दिला, आणि तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. १९७८ला मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा, त्याला बाबासाहेबांचं नाव देण्याचा, ठराव झाला, त्यानंतर दलित वस्त्या जळाल्या. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं. जळालेल्या घरातला माणूस आणि शेजारच्या शाबूत घरातला माणूस दोघंही ‘नामांतराच्या वक्ताला’ म्हणतात, पण त्यांची पानं एकसारखी निघणार नाहीत. म्हणून जिल्ह्याचं एकच चित्रमय आत्मकथन पुरणार नाही. निदान चार-पाच घरांची हवीत, आणि ती एकमेकांशेजारी ठेवून वाचता यायला हवीत.

सत्तेच्या पगारावर जगत तिच्याच काळाकडं डोळे उघडे ठेवणारा माणूस परभणीला नवा नाही. सातोन्यात १९१३ला जन्मलेले बी. रघुनाथ निजामाच्या बांधकाम खात्यात नोकरी करत कविता, कथा, कादंबऱ्या लिहीत राहिले आणि १९५३ला चाळिशीतच गेले. त्यांनी पाहिलेली परभणी आज त्यांच्या पुस्तकांत आहे. पुस्तकात न आलेली मात्र म्हाताऱ्यांच्या आठवणीतच आहे, आणि १९४८ला दहा वर्षांचं असलेलं पोर आज पंच्याऐंशी ओलांडून गेलं आहे. त्याच्यासमोर वही घेऊन बसणाऱ्या चित्रकारानं आधी घराचा नकाशा मागावा: चूल कुठं, रांजण कुठं, रस्त्याकडं उघडणारं दार कुठलं. ‘त्या दिवशी आम्ही आतच होतो, काही पाहिलं नाही,’ असं म्हातारा म्हणाला, तर ते तसंच घ्यावं आणि बंद दार काढावं, कडी आतून लावलेली, दाराशी कान देऊन उभी असलेली माणसं, आणि पलीकडच्या गल्लीसाठी कोरी सोडलेली अख्खी चौकट.